रेषेबाहेरचं घर

उपग्रहाला झाडांखालचं पुराचं पाणी दिसत नाही, म्हणून गर्द झाडीतलं तिचं माहेर नकाशात पूररेषेबाहेर, कोरडं ठणठणीत निघालं. असल्या चुका हाताने दुरुस्त करणं हेच तिचं काम. ती रेषा सरकवणार, तेवढ्यात बाबांचा फोन आला. “गिऱ्हाईक पोराला घेऊन दारात आलंय. नकाशा माझी लेकच करते म्हटलंय. घर रेषेबाहेर आहे, एवढं सांग; विकलं की कायमचा येतो तुझ्याकडे.” त्या घरातून निघा म्हणून तिने किती विनवण्या केल्या होत्या! “आणि बाबा, दाराची चौकट?” तिने विचारलं. लहानपणीच्या तिच्या उंचीच्या खुणा त्या चौकटीवर होत्या. गेल्या पुराच्या चिखलाचा डाग त्या सगळ्या खुणांच्या वर. “डागावर रंग मारला. तुझ्या खुणा तेवढ्या ठेवल्यात. स्पीकरवर टाकतो, बोल.” फोनमधून चिमुकला आवाज आला, “आजोबा, इथे माझीपण उंची मोजा ना!”