आईचं साल

रेडिओच्या काचेवर ‘सेफ’ एवढा एकच शब्द पेटला होता, आणि कुबातची कॅसेट आत अडकली होती.

“ओढू नकोस रे,” मागच्या सीटवरून म्हातारी म्हणाली.

“ओढली तर फीत तुटेल, आजी. कळतं मला,” मेकॅनिक मामिर म्हणाला. “कोड सांगा. चार आकडे.”

कुबात मॉस्कोत परांचीवरून पडून गेला, त्याला उद्या चाळीस दिवस होणार होते. त्याची जुनी जर्मन गाडी हिवाळाभर गोठ्यामागे उभी राहिली आणि बॅटरी मेली. नवी घातली, तर रेडिओ कोड मागून बसला. कुबातचा आवाज जगात उरला होता तो एवढ्या एका कॅसेटवर. चाळिसाव्याला जमणाऱ्या माणसांपुढे तो ऐकायचाच, असा म्हातारीचा हट्ट होता. म्हातारीची सून झुरा बरोबर होती; तिच्या नवऱ्यानं दोघींना काराकोलच्या बाजारात, मामिरच्या टपरीपाशी गाडीसकट सोडलं आणि तो मेंढी बघायला गेला.

“कोड म्हणजे आईचं जन्मसाल,” झुरा म्हणाली. “रेडिओबरोबर आलेलं कोडचं कार्ड त्यानं फाडून टाकलं. म्हणाला, नशिबानं तेच साल निघालंय, मग कार्ड कशाला जपायचं?”

म्हातारीनं पासपोर्टातलं साल सांगितलं, अडतीस. रेडिओनं दाद दिली नाही.

“तो पासपोर्टच खोटा मेला. कारकुनानं मनाला येईल ते लिहिलंय. बारा जनावरांच्या मोजणीत मी गाईच्या सालातली. सदतीस घाल.”

सदतीसही चाललं नाही.

“आता एकदाच,” मामिर म्हणाला. “तिसऱ्यांदा चुकलं की हा कायमचा मुका. मग ओढण्यावाचून इलाज नाही.” त्यानं म्हातारीकडे पाहिलं, मग झुराकडे. “ताई, कुबात तुमचा थोरला ना? आजीकडं वाढलेला?”

झुरानं मान डोलावली. पोर चाळीस दिवसांचं झालं तेव्हा न्हाऊमाखू घालून तिनं ते सासूच्या ओटीत घातलं होतं. थोरल्याचं असंच करायची रीत. एकाच चुलीवरचं जेवून तो सासूला आई म्हणत वाढला आणि झुराला वहिनी. त्यात रडण्यासारखं काय, असं सगळे म्हणायचे, म्हणून ती रडायची ती गोठ्यात जाऊन.

“तुमचं साल कोणतं?” मामिरनं विचारलं.

“माझं कशाला? मी त्याची वहिनी.”

म्हातारी मागच्या सीटवरून पुढं वाकली.

“त्रेसष्ट,” म्हातारी म्हणाली. “सशाच्या सालातली आहे ही. घाल.”

“आई, अहो, चुकलं तर त्याचा आवाजही जाईल.”

“घाल म्हणते ना.”

मामिरनं एक, नऊ, सहा दाबले, थोडा थांबला आणि तीन दाबला. ‘सेफ’ विझलं. कॅसेट फिरू लागली.

झुराला आनंद झाला. पोर मातीत गेल्यावर कसला आनंद, म्हणून तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मागे वळून बघायचा धीर होईना. आरशात दिसलं, म्हातारीनं डोक्यावरचा रुमाल पुढं ओढून तोंड झाकून घेतलं होतं.

खरखर थांबली आणि कुबात हसला. “वहिनी, ये ना इकडं. टेप चालू आहे, बोल काहीतरी.”

भांडी ठेवल्याचा आवाज झाला. मग गाडीत झुराचाच आवाज आला, पाच-सहा वर्षांपूर्वीचा, घाईतला.

“माझा आवाज कशाला रे? तुझ्या आईचा घे.”