कार्बोरेटरातला गणपती

शर्यतीचा झेंडा पडायला बारा मिनिटं उरली होती आणि गाडी खोकत होती.

इलाही मिस्त्री पेट्रोलचा डबा घेऊन पन्नास पावलांवर होता. खोकला ऐकला आणि तो डब्यासकट पळत सुटला.

गाडी फियाट अकराशे, दोन मालकांचा संसार करून आलेली. इलाहीनं तीन वर्षं तिच्यावर अशी मेहनत घेतली होती, की तालमीतला वस्तादही पट्ठ्यावर घेणार नाही. जोर वाढावा म्हणून इंजिनाचं हेड घासून पातळ केलं होतं, एका कार्बोरेटरच्या जागी दोन बसवले होते. सोमवार ते शनिवार ती घरंदाज गाडी असायची. मालक गणपतरावांना गुळाच्या अड्ड्यावर आणि आक्कांना देवळात न्यायची. रविवारी मिस्त्री तिचं मागचं सीट, सायलेन्सर आणि एअर फिल्टर काढून ठेवायचा, आणि गणपतरावांचा मुलगा हंबीरराव तिला विमानाच्या धावपट्टीवर शर्यतीत पळवायचा.

आज पहिला नंबर आणायचाच होता. गणपतरावांनी सांगून टाकलं होतं, "आला तर ठेवा. न्हाय तर उद्या सकाळी हे इंजान काढायचं आन् डिझेलचं बसवायचं. दुधाचे कॅन डेरीला न्यायला बरं." गणपतराव शब्दाचे पक्के. डिझेल इंजिन कालच गोठ्यात येऊन पडलं होतं.

इलाहीनं बॉनेट उघडलं. इंजिनाला हळदीकुंकू लावलं होतं. ठीक. रेडिएटरला झेंडूची माळ होती. तेही ठीक. पण एका कार्बोरेटरच्या वर तोंड करून असलेल्या पितळी वाटीत, जी त्यानं स्वतः लेथवर काढून चिंचेनं घासून लखलखीत केली होती, तिच्यात अक्षतांवर एक सुपारी बसली होती. कुंकू लावलेली.

"हे कुणी केलं?"

"आक्कानं," हंबीरराव स्टिअरिंगकडं बघत म्हणाला. आक्का म्हणजे त्याची आई.

इलाहीनं खिशातनं चिमटा काढला.

"मिस्त्री, हात लावू नका!" आक्का पदर खोचत पुढं आल्या. "मांडलेला गणपती हाय त्यो. उत्तरपूजा झाल्याबिगर हलवायचा न्हाय."

"आक्का, त्यो गाडीचा गळा हाय. हितनं ती श्वास घेती."

"मग गळ्यात देव हाय, चांगलंच की."

"हंबीरराव, तुमी तर सांगा की वो."

वळणावर दोन चाकं हवेत ठेवून गाडी फिरवणारा हंबीरराव रुमालानं काच पुसायला लागला.

"मग करा की लगीच, काय असंल ती पूजा," इलाही आक्कांना म्हणाला.

"भटजी पायजे."

"भटजी गावात, आक्का. नऊ मिनिटं राहिलीत." इलाहीचा आवाज चिरकला. "पाया पडतो तुमच्या." आणि तो खरंच वाकला.

आक्का विरघळल्या. "उठा. मीच करतो." त्यांनी ताटातल्या मूठभर अक्षता घेतल्या आणि देवावर, म्हणजे कार्बोरेटरात, सोडल्या. इलाहीनं झटकन वाटीवर तळहात धरला. काळ्या, तेलकट तळव्यावर सगळ्या अक्षता पडल्या.

"पुनरागमनाय च," आक्का म्हणाल्या. पुन्हा या. इलाहीला याचा अर्थ माहीत नव्हता, ते एक बरं झालं.

त्यानं चिमट्यानं सुपारी अलगद काढली, आक्कांच्या ओंजळीत दिली, खालचे तांदूळ एकेक करून वेचले. सहा मिनिटं. जमलं असतं.

"आन् दुसरी?" आक्का म्हणाल्या.

"दुसरी कसली?"

"त्या वाटीत शनी मांडलाय की. पळायच्या कामाला शनी शांत पायजे."

इलाहीनं दुसऱ्या वाटीत वाकून पाहिलं. वाटी स्वच्छ होती. तळाला तांदळाचा एकच दाणा चिकटला होता.

"हंबीरराव, पूजा झाल्यावर ॲक्सिलेटर दाबलासा?"

"दोनदा. जरा जोरातच."

गणपती थोराड सुपारीचा होता, म्हणून अडकून राहिला. शनी बारका होता, झडप उघडली तसा आत गेला.

तो बाहेर काढायचा तर निम्मं इंजिन खोलायला हवं. तास मोडला असता. तोवर शर्यत गेली, आणि शर्यतीबरोबर इंजिनही गेलं. न काढावा तर ते बहुतेक दुसऱ्या फेरीतच जाणार. तिकडं गणपतराव खुर्चीत बसून घड्याळ बघत होते.

"मिस्त्री, काय अडलंय?"

"काय न्हाय, मालक. झालंच." इलाहीनं बॉनेट लावलं आणि खिडकीत वाकला. "दाबून पळवा. आत काय बी वाजलं तरी पाय उचलू नका."

"आत काय वाजणार हाय?"

"काय बी."

झेंडा पडला. नऊ गाड्या एकदम बोंबलत सुटल्या. सगळी माणसं दोराला रेटून पुढं झाली. इलाही मात्र धावपट्टीकडं पाठ करून पालथ्या डब्यावर बसला. त्यानं डोळे मिटले, हात गुडघ्यावर ठेवला. नऊ गाड्यांच्या गदारोळातून त्याला आपली तेवढी ऐकू येत होती, आणि तिच्यातलं एकेक सिलिंडर वेगळं. पहिलं धडधाकट वाजलं, एक बोट खाली टेकलं. दुसरं टेकलं. तिसरं टेकलं.

"फियाट! फियाट म्होरं आली!" कुणीतरी ओरडलं.

आक्कांनी मागं वळून पाहिलं. मिटलेले डोळे, हलणारे ओठ, गुडघ्यावरची बोटं. आक्का गर्दीवर खेकसल्या, "ए, वरडू नका रं! मिस्त्री जप कराय लागल्यात."

गर्दी जराशी गप्प झाली. गाडी पलीकडच्या टोकाला वळून परत यायला लागली, आवाज वाढत गेला. इलाहीचं चौथं बोट अजून वरच होतं.