मोठ्या अक्षरांचा फोन

शनिवारपर्यंत डोळ्यांच्या डॉक्टरांची वेबसाइट उरकली, तर तिला अख्खा रविवार लोळायला मिळणार होता. आठवडाभर कोड लिहून, अडेल तिथे नवं शिकून तिने काम हातावेगळं केलं आणि चाचणीसाठी वेबसाइट बाबांच्या फोनवर उघडून दिली. “बाबा, तपासणीची वेळ ठरवायचं बटण दाबा.” “कुठंय बटण?” “समोरच तर आहे, नीट बघा!” “नीटच बघतोय. बटणं फक्त माझ्या शर्टाला आहेत.” तिने वैतागून फोन ओढला. बाबांनी अक्षरं हरभऱ्याएवढी ठेवली होती, त्यामुळे बटण पडद्याबाहेर गेलं होतं. डॉक्टरांचे निम्मे पेशंट असाच फोन वापरणार! “चुकलं माझं, बाबा,” म्हणत तिने पुन्हा लॅपटॉप उघडला. रविवारी ती दुरुस्त करत गेली, बाबा शोधत गेले. संध्याकाळी बटण उगवलं. तिची सुट्टी गेली, बाबांची दुपारची झोप गेली. डॉक्टरांची शाबासकी मात्र बाबांनीच लाटली.