दोन हत्यारं जमा

निवडणूक जाहीर झाली तसे शशिकांत मेश्राम आपली पॉइंट टू-टू रायफल आणि निशाणेबाजीचं पिस्तूल घेऊन ठाण्यात जमा करायला आले. चाळीस वर्षं गाल टेकून टेकून रायफलीचा लाकडी दस्ता एका जागी काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

"पिस्तूल खालच्या फळीवर नका ठेवू, बेटा. तुमच्या मालखान्यात तिथं ओल येते."

ठाण्याचं रजिस्टर सांभाळणाऱ्या मुंशीच्या टेबलाशी सिहोऱ्याहून नुकतीच बदलून आलेली शैलजा उके होती. तिने कागद दोनदा वाचले. "काकाजी, तुम्ही तर रायफल क्लबचे जुने खेळाडू. निवडणुकीत लायसनची हत्यारं जमा करायची खेळाडूंना सूट असते. मग काहून जमा करून राहिले?"

"सूट आहे ते माहीत आहे मला."

"अन् मागच्या खेपेला निकाल लागल्यावर दोन महिने न्यायलाही नाही आले. रजिस्टरात लिहून आहे, शिपाई घरी पाठवावा लागला म्हणून."

"चांगला माणूस आहे तो. बेल वाजवून विचारते, 'काकाजी, जिंदा हो?' मग चहा घेते, माझी जुनी टार्गेटं पाहते."

शैलजाचा पेन थांबला. "पावती लिहू की नको?"

"लिहा," ते दस्त्यावरून एकदा हात फिरवत म्हणाले. "बायको गेल्यापासून माझी बेल फक्त तुमचा शिपाईच वाजवते. चौथ्या माळ्यावर मतं मागायलासुद्धा कोणी चढत नाही."