जपानीची हजेरी

आमच्या शहापूरच्या कॉलेजात यापुढे परदेशी भाषेशिवाय पदवी मिळणार नाही, असा ठराव विद्वत परिषदेने केला. जपानीवर एकमत झालं. ती शिकवणार कोण, हा मुद्दा आयत्या वेळच्या विषयांत होता आणि तोवर सभासदांची घरी जायची वेळ झाली होती.

शेवटी ते काम इतिहासाच्या फर्डे सरांवर आणि भूगोलाच्या विशे सरांवर आलं. दोघांनाही जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं दुसऱ्या वर्षाच्या रुपालीला, कारण वाशिंदच्या कंपनीत ती दोन वर्षं जपानी साहेबांच्या हाताखाली होती. मग वर्षभर एक सर वर्गात जपानी शिकवायचे, तेव्हा रुपाली स्टाफरूममध्ये दुसऱ्या सरांना पुढचा धडा शिकवायची.

परीक्षेआधी यादी लागली. जपानीच्या तासाला हजेरी कमी, म्हणून रुपालीला परीक्षेला बसता येणार नव्हतं. ती परिषदेपुढे आली.

"हजेरीत सूट दिली तर भाषेचा दर्जा काय राहील?" विशे सरच म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

फर्डे सरांना मात्र राहवेना. ते उठले, रुपालीला जपानीत "माफ कर" म्हणाले आणि रीतसर वाकलेसुद्धा.

रुपालीने सवयीने नीट पाहिलं.

"बोललात बरोबर, सर. पण एवढं नमस्काराला वाकतात. माफीला कमरेतनं वाकायचं. शिकवलेलं ना मी तुमाला?"