सोडलं तिथून

"काकाजी, तुमच्या सिनेमाच्या खात्यावर नागपूरचा एक टीव्ही चालून राह्यला. दुसऱ्याच कंपनीचा आहे. काढू काय?" नवा टीव्ही बसवता बसवता पांढरकवड्याच्या लखनभाऊंनी विचारलं.

श्रीकृष्णराव गडबडले. ते खातं त्यांच्या लेकीनं, नागपूरच्या केतकीनंच उघडून दिलं होतं. तिच्या लग्नाला ते गेले नाहीत, त्याला आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नाही.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले.

केतकी लहान असताना दोघांत मिळून एकच पुस्तक असायचं आणि खुणेला एसटीचं एकच तिकीट. एकानं सोडलं तिथून दुसऱ्यानं वाचायचं आणि ज्याचं जे सुटलं, ते जेवताना एकमेकांना सांगायचं.

दुपारी त्यांनी हरवलेली होडी शोधणाऱ्या नावाड्याचा सिनेमा लावला. पडदाभर नदी आणि धुकं. नावाडी काठावरून हाक मारतो, नेमका तिथं त्यांनी तो थांबवला.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावला, तर सिनेमा संपत आलेला. धुकं विरलं होतं, नदी रिकामी होती.

मागे नेऊन पाहता आलं असतं. पण त्यांनी रिमोट ठेवला आणि फोन उचलला.

"केतकी, मंग होडी सापडली काय त्याले?"

"सांगते, बाबा. पण आधी तुम्ही सांगा, तो हाक कोणाले मारून राह्यला होता?"