उमरद्याची हद्द

लोटन नानांना ओट्यावर ठेवून चार तास झाले होते. त्यांचा मुलगा भूपेंद्र सुरतहून निघाला होता. तो आल्याशिवाय उचलायचं नव्हतं.

ज्योत्स्ना वडिलांच्या उशाशी बसली होती. उमरद्यात आता चारच घरं उरली होती, आणि पहाटेपासून चारांतही चूल पेटली नव्हती. मयत निघेपर्यंत गावात जाळ करायचा नाही. शेजारच्या भिकुबाईनं नातीला कालची भाकर थंड दुधात चुरून दिली होती.

नाला ओलांडून नांदवाड्याचा सरपंच प्रेमराज आला. नवा शर्ट, बोटांना हळद.

"भाऊ कुठवर आला, ताई?"

"नवापूर."

"म्हणजे अजून तीन तास." तो खांबाला टेकून उभा राहिला. "आज आमच्या पुतणीची हळद शे. चारशे माणूस जेवाले. बट्ट्या थापेल शेतस, गवऱ्या रचेल शेतस. पण माय काडी वढू देस नही. म्हनस, कागदवर एकच गाव शे ना आते? मंग मयत बी आपलीच."

"बराबर म्हनस तुन्ही माय," भिकुबाई म्हणाली.

प्रेमराजनं तिच्याकडे पाठ केली आणि आवाज उतरवला. "ताई, तुम्ही शिकलेल्या. उमरदे वेगळं गाव धरलं, तर आमच्याकडं भट्टी पेटते. मयत तुमच्या गावची. तुम्ही घरची लेक, तुम्ही म्हटलं तर माय ऐकेल."

नऊ वर्षांपूर्वी उमरदे नांदवाड्यात घातलं, तेव्हापासून नाना शिंदखेड्याच्या तहसील कचेरीत हेच मागायला जात होते. सकाळच्या एसटीनं, खिशात अर्जाची झेरॉक्स घालून. भर ग्रामसभेत याच माणसानं म्हटलं होतं, "नाना, अकरा घरेसनं गाव नही ऱ्हास, गल्ली ऱ्हास." लोक हसले होते. नानाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीत बसले.

ती नाही म्हणाली असती, तर नांदवाड्याच्या सहाशे चुली नानांसाठी दुपार उलटेपर्यंत थंड राहिल्या असत्या. एवढा मान उमरद्यात कधी कुणाला मिळाला नव्हता. पण मग नाना नांदवाड्याचे म्हणून गेले असते.

"मला काय सांगता?" ती म्हणाली. "नानांना सांगा."

प्रेमराजला आधी कळलं नाही. मग त्यानं चपला काढल्या, ओट्यावर चढला आणि नानांच्या पायाशी उकिडवा बसला. पायांना हात लावायला गेला, बोटांवरची हळद दिसली तसा हात मागे घेतला.

"नाना," तो पुटपुटला, "उमरदे येगळं गाव शे."

"जोरमा बोल," भिकुबाई म्हणाली. "म्हतारा बहिरा व्हता."

प्रेमराजनं घसा खाकरला आणि पुन्हा म्हटलं. या वेळी अंगणात जमलेल्या सगळ्या बायकांनी ऐकलं.

"पेटवा भट्टी," ज्योत्स्ना म्हणाली.

तो गेला. थोड्या वेळानं नाल्यापलीकडे गवऱ्यांचा जाड धूर उठला. भट्टी पेटलेली पाहून बाकीच्यांनीही चुली पेटवल्या असाव्यात. वारा नव्हता. घराघरावर धूर सरळ वर चढत गेला, पार नाल्याच्या काठावरच्या शेवटच्या घरापर्यंत. अलीकडे उमरद्याच्या चार घरांच्या मातीच्या धाब्यांवर नुसतं ऊन होतं.

नानांना दिसावं म्हणून ज्योत्स्ना त्यांच्या आणि नाल्याच्या मधून थोडी बाजूला सरकली.